राउटरनं पीसी उठवायचा तर ओपनडब्ल्यूआरटी: ईथरवेक आणि क्रॉनच्या जोडीचं परीक्षण

घरचा पीसी रोज एकाच वेळी सुरू व्हावा एवढंच हवं असेल, तर राउटरच्या वाटेला जायची गरज नाही. जवळपास प्रत्येक मदरबोर्डच्या बायोसमध्ये आरटीसी अलार्मची, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळाच्या गजराची, सोय असते. वेळ टाका, सेव्ह करा, विषय संपला. डेल आणि एचपीच्या ऑफिसवाल्या मशिनांत तर वारही निवडता येतात. पण सुटे भाग जोडून केलेल्या पीसीच्या बोर्डांवर बहुतेक वेळा ‘रोज’ किंवा ‘महिन्याची अमुक तारीख’ एवढेच दोन पर्याय मिळतात. वेळ बदलायची तर रीस्टार्ट करून, डिलीटची की बडवत पुन्हा बायोसमध्ये शिरायचं. रविवारीही मशीन उठणारच. घरात दोन मशिनं असली तर दोन्हीकडे तोच उद्योग.

या सगळ्याला कंटाळलेल्यांसाठी राउटरवरचा उपाय आहे: ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट फर्मवेअर, त्यावर चालणारं, पीसीला उठण्याचा संदेश पाठवणारं ईथरवेक हे छोटं पॅकेज आणि ठरल्या वेळी काम सुरू करणारा, त्यात आधीपासून असलेला क्रॉन. निकाल आधीच सांगून टाकतो. राउटरकडचं काम झकास होतं आणि अर्ध्या तासात उरकतं. डोकेदुखी सगळी पीसीच्या आणि विजेच्या बाजूला आहे, म्हणून या परीक्षणातली जास्त जागा त्या दोघांनी खाल्ली आहे.

राउटर पाठवतो ते ‘मॅजिक पॅकेट’. ही कल्पना एएमडी आणि एचपीची, १९९० च्या दशकाच्या मध्यातली. रचना अगदी साधी आहे: सुरुवातीला सहा बाइट एफएफ, त्यानंतर ज्या मशीनला उठवायचं तिच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा कायमचा क्रमांक, सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. पीसी बंद असला तरी कार्डाला थोडी वीज मिळत असते. केबलवरून आलेल्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यात ते एवढाच नमुना शोधतं आणि सापडला की बोर्डाला जागं करतं. त्यामुळे पॅकेट यूडीपीच्या ७ नंबरच्या पोर्टवर पाठवलं की ९ नंबरच्या, यानं काहीही फरक पडत नाही. लोक त्यावर वाद घालत बसतात तेवढंच. मेख वेगळीच आहे: साध्या टपालाप्रमाणेच यालाही पोच नाही. पॅकेट गेलं एवढंच राउटरला कळतं, मशीन उठलं की नाही हे त्याला सांगणारं कोणी नाही.

हे काम राउटरनंच का करावं? तो चोवीस तास चालू असतो आणि पीसीच्याच लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या जाळ्यात, बसलेला असतो. मॅजिक पॅकेट लॅनच्या बाहेर आपोआप जात नाही. ऑफिसातून मोबाइलवर बटण दाबून घरचा पीसी उठवायचा, हा प्रकार आपल्याकडे अवघड होण्याचं कारण बहुतेक घरगुती जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात. म्हणजे तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ताच नसतो, मग पोर्ट फॉरवर्डिंग करणार कशावर? वेळापत्रक राउटरच्याच पोटात ठेवलं की हा प्रश्न मुळातून निघून जातो. बाहेरून काही आत यायलाच नको.

आता राउटर कोणता. ओपनडब्ल्यूआरटीला ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम म्हणजे जेमतेम, १६ आणि १२८ म्हणजे आरामात. ४ एमबी फ्लॅशचे जुने डबे सरळ विसरा. विकत घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत मॉडेल शोधा आणि मॉडेलपेक्षाही खालच्या स्टिकरवरची आवृत्ती बघा. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ चंच उदाहरण घ्या: व्ही२ आणि व्ही३ यांच्या आतली चिपच वेगवेगळ्या कंपनीची आहे. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यावर चढवलं तर राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेल्या मॉडेलांच्या नादी लागू नका, त्यांचं वाय-फाय ओपनडब्ल्यूआरटीवर धड चालत नाही.

इंटरनेट कंपनीनं भिंतीवर बसवलेला फायबरचा डबा बदलता येत नाही, मग काय, हा नेहमीचा प्रश्न. बदलायची गरजच नाही. पॅकेट पाठवणारा राउटर मुख्य असावा लागत नाही, त्याच लॅनमध्ये असला की पुरतं. माळ्यावर पडलेल्या जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवा. त्याचा लॅन पत्ता मुख्य डब्यापेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला ठेवा. मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२, आणि हा आकडा मुख्य डब्याच्या डीएचसीपी वाटपात, म्हणजे तो आपोआप देतो त्या पत्त्यांत, येत नाही याची खात्री करा. जुन्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा आणि केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात लावा, वॅनचं (इंटरनेटचं) भोक रिकामं. एक गोष्ट इथे हमखास राहून जाते: लॅन इंटरफेसच्या सेटिंगमध्ये गेटवे आणि डीएनएस म्हणून मुख्य डब्याचा पत्ता भरणं. तो भरला नाही तरी पॅकेट सुटतं, वेब पान उघडतं, सगळं ठीक दिसतं. पण राउटरला स्वतःला इंटरनेट नसल्यामुळे घड्याळ जुळत नाही आणि वेळापत्रक भलत्याच वेळी चालतं.

बसवणं सोपं आहे. २४.१० या आवृत्तीत वेब पानावर ‘सिस्टम’, मग ‘सॉफ्टवेअर’, तिथे आधी याद्या अपडेट करून ‘लुसी-ॲप-डब्ल्यूओएल’ शोधा आणि टाका. ईथरवेक सोबत येतं. मग ‘सर्व्हिसेस’खाली ‘वेक ऑन लॅन’ असं पान दिसू लागतं: इंटरफेस निवडा, यादीतून मशीन निवडा, बटण दाबा. चाचणीसाठी हे पान छान आहे, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. त्यात घड्याळच नाही. वेळापत्रक याच पानावर असेल असं धरून लोक तासभर शोधत राहतात, ते आहे ‘सिस्टम’खालच्या ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये. या फर्मवेअरवरची ही पहिली रास्त तक्रार. दोन पानं एकत्र करणं फार अवघड नसावं.

‘शेड्यूल्ड टास्क्स’ म्हणजे नुसता कोरा चौकोन. त्यात क्रॉनची ओळ हातानं लिहायची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे पाच खाने आणि मग आज्ञा. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८:५० ला उठवायचं तर खाने होतात ‘५० ८ * * १-५’. त्यापुढे ईथरवेकचं नाव, मग हायफन आणि आय, मग ब्रिजचं नाव बीआर-लॅन, मग मॅक पत्ता कोलन घालून. टाइप करताना सगळं अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. इंटरफेसचं नाव गाळलं तर ईथरवेक ईथ० धरून चालतं, आणि कित्येक राउटरांवर ते पॅकेट पीसीकडे पोचतच नाही. व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे भाग, केले असतील तर बीआर-लॅनच्या पुढे टिंब आणि व्हीलॅनचा क्रमांक लागतो. मॅक पत्ता पीसीच्या केबलवाल्या कार्डाचा घ्या. विंडोजमध्ये वाय-फाय आणि केबल यांचे पत्ते एकाखाली एक दिसतात आणि चुकीचा उचलला जातो.

पोच नसण्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे मिनिटाच्या खान्यात ‘५०,५३,५६’ असं लिहिणं. तीनदा पॅकेट जातं. चालू असलेल्या मशीनला त्याचा काडीचाही त्रास नाही. मधे मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येतात असा) असेल तर ईथरवेकला हायफन-बी जोडा, म्हणजे पॅकेट ब्रॉडकास्ट होतं, सगळ्यांकडे जातं. एरवी ते थेट मॅकच्या पत्त्यावर जातं. बंद पीसी पाचेक मिनिटांत स्विचच्या स्मरणातून पुसला जातो, मग साधा स्विच अनोळखी पत्त्याचं पॅकेट सगळ्या पोर्टांवर सोडतो आणि काम होतं. काही मॅनेज्ड स्विचांवर मात्र हे बंद करून ठेवलेलं असतं. पीसी बंद केल्यावर दोन मिनिटांत चाचणी यशस्वी आणि सकाळी ठणठणाट, हे लक्षण दिसलं तर आधी हे तपासा.

क्रॉनची खरी मजा शनिवारी. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पण पहिला, तिसरा आणि पाचवा चालू. साहजिकच कोणीही तारखेच्या खान्यात ‘१-७,१५-२१,२९-३१’ आणि वाराच्या खान्यात ‘६’ लिहील. आणि इथेच फसेल. तारीख आणि वार दोन्ही खाने भरले की क्रॉन त्यांचा अर्थ ‘आणि’ असा न लावता ‘किंवा’ असा लावतो. म्हणजे त्या सगळ्या तारखांना मशीन उठेल आणि शिवाय प्रत्येक शनिवारीही उठेल. यावर तोड अशी: वाराचा खाना तारांकित ठेवा, फक्त तारखा भरा, आणि आज्ञेच्या आधी चौकोनी कंसात वाराची तपासणी घाला. ‘डेट’ या आज्ञेला अधिक-टक्के-यू दिलं की ती वाराचा आकडा देते, शनिवारचा ६. आकडा जुळला तरच पुढे ईथरवेक चालायला हवं, म्हणून मधे दोन अँड-चिन्हं. मोठ्या लिनक्सवर क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ लागते. ओपनडब्ल्यूआरटीचा क्रॉन बिझीबॉक्स या छोट्या आज्ञासंचातला आहे, त्याला ती लागत नाही. इंटरनेटवरून ओळ उचलून चिकटवणारे इथे अडखळतात.

दुसरी ठेच वेळेची. नव्यानं बसवलेलं ओपनडब्ल्यूआरटी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. टाइमझोन ‘आशिया/कोलकाता’ केला नाही तर सकाळी ९ चं काम दुपारी २:३० ला होतं. काम बरोबर साडेपाच तास उशिरा होत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. टाइमझोन बदलल्यावर क्रॉन एकदा रीस्टार्ट करा, नाही तर तो जुन्याच वेळेवर अडून राहतो. क्रॉनची फाइल एसएसएचमधून, म्हणजे राउटरच्या कमांड लाइनवर शिरून, हातानं लिहिली असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या: शेवटच्या ओळीनंतर एंटर हवाच, नाही तर ती ओळ वाचली जात नाही. आणि त्यानंतरही क्रॉन रीस्टार्ट. काम सुटलं की नाही ते ‘सिस्टम लॉग’मध्ये दिसतं. तिथे क्रॉनच्या नावानं तुमची ओळ त्या मिनिटाला आली असेल, तर क्रॉननं आपलं काम केलं. ईथरवेक जागेवर असेल तर पुढचा दोष पीसीकडे.

आणि तो बहुतेक वेळा पीसीकडेच असतो. सुरुवात बायोसपासून. ‘ईआरपी’ किंवा ‘ईआरपी रेडी’ नावाचा पर्याय बंद हवा. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०१३ पासून बंद उपकरणानं अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खायची नाही. तो नियम पाळण्यासाठी बोर्ड नेटवर्क कार्डाचीच वीज तोडतो. मग ऐकणार कोण? डेलमध्ये याच गोष्टीला ‘डीप स्लीप कंट्रोल’ म्हणतात, एचपीमध्ये ‘एस५ मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज’. दोन्ही बंद ठेवा. त्यानंतर उठवण्याची परवानगी द्या: आसुसमध्ये ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’, एमएसआयमध्ये ‘रिझ्यूम बाय पीसीआय-ई डिव्हाइस’, इतरांकडे सरळ ‘वेक ऑन लॅन’. यासाठी लागणारी वीज फार नाही. एक वॅट धरला तर वर्षाला पावणेनऊ युनिट. उलट रिकामा पीसी ५० वॅट खातो असं धरून तो रोज रात्री १२ तास चालू ठेवला, तर वर्षाला २१९ युनिट.

विंडोजमधला मोठा घोळ ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं, अर्धवट हायबरनेट असतं. त्या अवस्थेत विंडोज नेटवर्क कार्डाला उठवण्याची तयारी करून ठेवत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली, हा खुणेचा चौकोन रिकामा करा. ‘झोपेतून उठतो पण शट डाउन केल्यावर उठत नाही’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर जा. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर तिन्ही खुणा करा, तिसरी ‘फक्त मॅजिक पॅकेट’वाली विसरू नका. ती नसेल तर लॅनवरच्या कसल्याही किरकोळ वर्दळीनं पीसी रात्री-बेरात्री उठून बसतो. ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ चालू, रियलटेकचं कार्ड असेल तर ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू, आणि ‘एनर्जी एफिशियंट ईथरनेट’ व ‘ग्रीन ईथरनेट’ बंद. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हर बदलला की या खुणा पूर्ववत होऊ शकतात. विंडोजच्या पॉवर-सीएफजी या आज्ञेला ‘लास्टवेक’ विचारलं की मशीनला शेवटचं कोणी उठवलं ते कळतं.

आता एक असा प्रकार जो पाहिल्यावर लोक राउटरलाच शिव्या देतात. पीसी ८:५० ला उठतो, पंखा फिरतो, ८:५२ ला पुन्हा झोपतो. राउटरचा काही संबंध नाही. कीबोर्ड-माउसला हात न लागता झोपेतून उठलेलं मशीन विंडोज दोन मिनिटांत परत झोपवतं. त्यासाठीचं ‘सिस्टम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट’ हे सेटिंग मूळ पानावर लपवलेलं असतं. पॉवर-सीएफजीच्या ॲट्रिब्यूट्स आज्ञेनं ते आधी दिसतं करावं लागतं, मग स्लीपच्या यादीत येतं. तिथे मिनिटं वाढवा.

लिनक्सवर ईथटूल या आज्ञेला कार्डाचं नाव दिलं की ‘वेक-ऑन’पुढे एक अक्षर दिसतं. ‘जी’ हवं, ‘डी’ म्हणजे बंद. ईथटूलनं बदललेलं रीस्टार्टनंतर टिकत नाही. नेटवर्क मॅनेजर असेल तर जोडणीच्याच सेटिंगमध्ये वेक-ऑन-लॅन ‘मॅजिक’ करा. लॅपटॉपवर टीएलपी हे वीज वाचवणारं पॅकेज असेल तर ते हे सेटिंग मुद्दाम बंद करतं, तिथेही बदल लागतो.

कागदोपत्री सगळं बरोबर आणि तरीही उठत नाही, अशा वेळी अर्ध्या मिनिटाची एक तपासणी आहे. पीसी शट डाउन करा आणि राउटरच्या ज्या पोर्टात त्याची केबल आहे त्याचा दिवा बघा. दिवा विझला तर कार्डाला वीजच नाही, म्हणजे परत बायोस. दिवा चालू आहे पण ओपनडब्ल्यूआरटीच्या पानावर त्या पोर्टाचा वेग १००० वरून १० किंवा १०० वर आला आहे, हे अगदी ठीक. बंद अवस्थेत वीज वाचवायला कार्ड स्वतःच वेग उतरवतं. म्हणूनच स्विच किंवा राउटरच्या पोर्टाचा वेग १००० वर पक्का करून ठेवू नका. पोर्ट खाली यायला तयार नसेल तर दुवाच तुटतो.

वाय-फायवरून हे काम होईल अशी आशा ठेवू नका. झोपलेल्या लॅपटॉपवर काही कार्डं साथ देतात, बंद डेस्कटॉपवर नाहीच. यूएसबीला लावलेलं ईथरनेट ॲडॅप्टरही शट डाउननंतर सहसा मुकं होतं. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचा पिन किंवा लिनक्सवर तशाच लक्सचा पासफ्रेज असेल, तर मशीन उठेल आणि पासवर्डच्या पडद्यावर वाट बघत बसेल. आणि रिमोट डेस्कटॉपसाठी उठवत असाल तर समोरच्या मशीनवर विंडोज प्रो हवं, होममध्ये ते आत घेत नाही.

विजेचा भाग वेगळा काढावा लागतो, कारण परदेशी मार्गदर्शकांत त्यावर दोन ओळीही नसतात. वीज जाऊन आली की पुष्कळ बोर्डांवर कार्डाची तयारी पुसली जाते. विंडोज किंवा लिनक्स एकदा सुरू होऊन नीट बंद होईपर्यंत ते कार्ड ऐकत नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की शुक्रवारी सकाळी पीसी गप्प, हे त्यातूनच. उपाय बायोसमध्ये आहे: ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ हे ‘पॉवर ऑन’वर ठेवा. वीज आली की पीसी स्वतः सुरू होईल, आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रात्रीचं शट डाउन लावून ठेवलं असेल तर तो नीट बंद होऊन पुन्हा तयार बसेल. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर ही भानगड उद्भवत नाही. मधला स्विचही इन्व्हर्टरवर आहे ना, एवढं बघा.

राउटरचंही तसंच. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर ओपनडब्ल्यूआरटी आपल्या सेटिंगच्या फोल्डरमधली सगळ्यात ताजी फाइल शोधतं, तिची वेळ तात्पुरती धरतं आणि इंटरनेट मिळाल्यावर एनटीपीनं, म्हणजे इंटरनेटवरच्या घड्याळावरून, खरी वेळ जुळवतं. ही उडी तासापेक्षा मोठी असेल तर क्रॉन मधली राहून गेलेली कामं करत नाही. वीज ९:१० ला आली तर ८:५० चं काम त्या दिवसापुरतं बुडालं. ईथरवेकच्या सेटिंग फाइलमध्ये ‘वेकऑनबूट’ असा पर्याय आहे, पण तो आंधळा आहे, रात्री २ ला वीज आली तरी पीसी उठवेल. त्यापेक्षा ‘सिस्टम’, ‘स्टार्टअप’, ‘लोकल स्टार्टअप’ या पानावर ‘एक्झिट ०’च्या आधी एक छोटा तुकडा घाला: १८० सेकंद थांब, मग वार ५ पर्यंत आणि तास ९ ते १७ असेल तरच पॅकेट पाठव. तुकडा कंसात ठेवून शेवटी अँड-चिन्ह हवं, म्हणजे तो मागे चालतो आणि बाकीचं सुरू होणं अडत नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला तर ही कसरत फारशी लागत नाही. व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या ॲडॅप्टरवरून वाचून घ्या, सगळेच राउटर १२ व्होल्टचे नसतात.

इतर पर्यायांत मिक्रोटिक सगळ्यात तगडा. लाटव्हियातली ही कंपनी, तिच्या राउटरओएसमध्ये मॅजिक पॅकेट पाठवण्याची आज्ञा आणि शेड्यूलर दोन्ही मुळातच असतात, वरून काही टाकावं लागत नाही. शेड्यूलरला ‘स्टार्टअप’ अशीही वेळ देता येते, म्हणजे वीज आल्याबरोबरचं काम सोपं. पण त्यात वाराचा खाना नाही. सोमवार ते शुक्रवार हवं तर सात दिवसांच्या अंतराच्या पाच नोंदी कराव्या लागतात, प्रत्येकीची सुरुवातीची तारीख त्या त्या वाराची. वरचं शनिवारचं गणित इथे करायचं तर स्क्रिप्ट आलीच. ज्यांच्या घरी मिक्रोटिक आधीच आहे त्यांनी हेच वापरावं. केवळ या कामासाठी ते शिकायला घेण्यात अर्थ नाही.

आसुसच्या मूळ फर्मवेअरमध्ये ‘नेटवर्क टूल्स’खाली वेक-ऑन-लॅनचं पान आहे, मशिनांची यादीही साठवता येते, पण फक्त हातानं बटण दाबायचं. त्यावर मर्लिन हे सुधारित फर्मवेअर चढवलं तर ‘सीआरयू’ आज्ञेनं क्रॉनमध्ये ओळ घालता येते. रीबूटनंतर ती ओळ उडते, म्हणून जेएफएफएस या राउटरच्या कायम टिकणाऱ्या जागेतल्या ‘सर्व्हिसेस-स्टार्ट’ या स्क्रिप्टमध्ये ठेवावी लागते. डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या फुकट फर्मवेअरमध्ये वेक-ऑन-लॅन आणि क्रॉन दोन्ही वेब पानावरच आहेत. तिथे पाच खान्यांनंतर आणि आज्ञेआधी ‘रूट’ हा शब्द लागतो, ओपनडब्ल्यूआरटीची ओळ जशीच्या तशी चिकटवली तर चालत नाही. जर्मनीत राहणाऱ्यांच्या घरी बहुधा फ्रिट्झबॉक्स हा राउटर असतो. त्यात पीसी सुरू करण्याचं बटण आहे, बाहेरून कोणी त्या मशीनकडे आलं की आपोआप उठवण्याची सोय आहे, घड्याळ मात्र नाही.

न्यू जर्सीतल्या मुलाच्या मशीनवरून पुण्यातल्या घरच्या पीसीवर बॅकअप, अशा जोडणीत आणखी एक खाच आहे. पुण्याचा राउटर भारतीय वेळेनं पीसी उठवतो, तिकडचं बॅकअपचं काम तिथल्या वेळेनं सुटतं. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या दोन दिवशी अमेरिकेतलं घड्याळ तासभर सरकतं, आपलं नाही. हिवाळ्यात बरोबर जुळवलेलं काम उन्हाळ्यात एक तास आधी सुटतं, तेव्हा इकडे पीसी अजून बंद असतो. तिकडचं काम यूटीसीवर बांधा, किंवा इकडे पीसी तासभर आधी उठवून तासभर उशिरा झोपवा.

ओपनडब्ल्यूआरटीवरची शेवटची आणि सगळ्यात मोठी तक्रार अपडेटची. नवी आवृत्ती चढवताना ‘सेटिंग ठेवा’ म्हटलं की क्रॉनची ओळ राहते, टाइमझोन राहतो, सगळं तसंच दिसतं. पण वरून टाकलेली पॅकेजेस राहत नाहीत. क्रॉन वेळेवर चालतो, लॉगमध्ये ओळही येते, पण ईथरवेकच जागेवर नसतं, त्यामुळे पॅकेट निघतच नाही. साधं अपडेट केलं की लगेच ‘लुसी-ॲप-डब्ल्यूओएल’ पुन्हा टाका, किंवा ‘अटेंडेड सिसअपग्रेड’ वापरा. ते तुमच्या पॅकेजांसकट नवं फर्मवेअर बांधून देतं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी त्याच रात्री पीसी शट डाउन करून वेब पानावरचं बटण एकदा दाबून बघा.